एका वेताचे दोन कुत्रे

आमच्याकडं कुत्रं फुकट घेत नाई. फुकटचं कुत्रं घर राखत नाई म्हणतेत, पहिल्या मालकाची वाट पाह्यत बसते. म्हणून पिल्लाच्या बदल्यात कायतरी द्या लागते, मंग ते मूठभर मीठ का असेना. मी पायलीभर जवारी दिलती.

कारंज्याजवळ माहं माहेर. सडकेले लागून चहाचं हॉटेल होतं, तिथं नागपूर-अमरावतीचे ट्रक थांबत. त्या हॉटेलाच्या मांगं एक कुत्री व्यालती. ती इकडची नव्हती. कोण्यातरी ड्रायव्हरनं दूर मुलुखातून ट्रकात घालून आणलती अन् इथंच सोडून गेलता, असं हॉटेलवाला सांगे. उंच, लांब तोंडाची, बरगड्या मोजून घ्या. डोळ्याच्या भोवतालचे केस झडून गेलते, अन् नखं अशी वाढून वाकलती का ती फरशीवर चालली म्हणजे टकटक वाजे.

मी म्हटलं, "म्हातारी हाय काय वं ही?"

"म्हातारी कायची बाई, दुसरंच वेत हाय तिचं," हॉटेलवाला म्हणे. "सडकेवरचा धूर खाऊन खाऊन अशी झाली."

"दोन पिल्लं पाह्यजे मले."

"दोन नेजो, चार नेजो. फुकट नेजो, माह्या डोक्याले ताप हाय तो."

"फुकट नाई नेत."

मी जवारी पुढं केली तं हासला. "या जवारीची भाकर कोण थापन? मीच काय?" पण घेतली त्यानं.

एक लाल घेतला, एक काळा. लाल माह्यासाठी, काळा माह्या देरानीसाठी. देरानी म्हणजे माह्या धाकट्या देराची बायको. माहेरून रिकाम्या हातानं परत जाऊ नाई. दुसरं कायी द्याले नव्हतं, तं कुत्रं नेलं. बंडीत दोघं एकाच पोत्यात, एकमेकाच्या पोटात तोंड खुपसून झोपले होते. कोणचा पाय कोणाचा ते समजत नव्हतं.

आता मले कुत्रं काऊन पाह्यजे होतं ते सांगते.

हिंगणीच्या पुढं जंगलाच्या काठाले आमचं वावर. तवा तिकडं धरण-बिरण कायी नव्हतं, नाला होता अन् मंग जंगलच. दोन भावाईच्या वाटण्या झाल्या तवा गावालगतचं वावर देराकडं गेलं अन् जंगलाकडचं आमच्याकडं आलं. माहा माणूस खुशीनं घेऊन बसला, म्हणे जमीन काळी हाय, जनावराईचं पाहून घेऊ. मंग एका साली तो तापानं गेला. आमची पोट्टी त्याच्या आधीच गेलती. राह्यली मी, दोन बैल, एक गाय अन् ते वावर.

देर वाईट माणूस नव्हता. दहावा-तेरावा सारं त्यानं केलं. मंग म्हणे, "वयनी, तुमी आता घरी चाला. वावर मी वाहतो. दोन वेळची भाकर तुमची कुठं जात नाई."

भाकर खरंच कुठं गेली नसती. पण दुसऱ्याच्या चुलीवरची भाकर मांगून घ्या लागते, अन् मांगाच्या आधी देणारीचं तोंड पाहा लागते. मी म्हटलं, "मी वावरातच राह्यते, खोपडीत. आमी दोघं राह्यतच होतो तिथं."

"दोघं होते ना? आता एकटी बाई रानात राह्यली तं लोक माह्या तोंडात शेण घालतीन."

"कुत्रं आणते मी."

त्यानं लय वेळ विचार केला. मंग गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसाईच्या समोर म्हणाला, "चांगलं जागतं कुत्रं असन तं राह्या. कुत्रं हाय तवरी. ज्या दिवशी कुत्रं नाई, त्या दिवशी तुमी घरी अन् वावर माह्या हाती." मी मान हालवली. म्हणजे माहं वावर त्या लाल पिल्लाच्या चार पायावर उभं होतं, अन् ते पिल्लू अजून दूधही धड चाटत नव्हतं.

मी त्याले नाव ठेवलं नाई. ज्याले ज्याले जीव लावून नाव घेतलं ते माह्यापाशी राह्यलं नाई, असं मनात बसून गेलतं. "अय" म्हटलं का तो ये. देरानीनं आपल्याचं नाव ठेवलं होतं, मी तं त्याले काळाच म्हणे.

लाल चांगला निघाला. रोही, म्हणजे नीलगायी, वावरात आले तं वेगळा भुंके, रानडुकरं आले तं वेगळा. धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत, धावत जाये अन् तिथंच थांबे, जंगलात एक पाऊल टाकत नव्हता. तेवढी अक्कल आमच्या माणसाईले नसते. अन् वाटेनं कोणी माणूस चालला तं एकदाच भुंके. म्हणजे, 'पाह्यलं बरं का तुले', एवढंच.

रानात राह्यणाऱ्या बाईले दिवसभर बोलाले कोणी नसते. बैलाशी बोलते तं ते हुकूमच झाले, चाल, थांब, मांगं सर. कधी कधी दिवस कलला का समजे, आज तोंडातून शब्दच निघाला नाई. मंग मी म्हणे, "अय." आवाज घोगरा निघे, दुसऱ्याच बाईचा वाटे. तो येऊन पायाशी बसे. तेवढं पुरे होई.

दुसऱ्या साली उन्हाळ्यात त्याच्या डोळ्याच्या भोवतालचे केस झडाले लागले. कानाच्या कडा खरबऱ्या झाल्या. अंगावरून हात फिरवला तं गव्हाचा कोंडा पडे तसा पांढरा कोंडा पडे. मी मीठ-मिरची आणाले गावात गेलती, तो मांगं मांगं होता. देरानी ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. त्याले पाह्यलं अन् हासली.

"बाई, तुमच्या कुत्र्यानं चष्मा लावला काय वं? शाळेत मास्तर झाला काय?"

"अन् तुह्या दारात कोण बसला हाय, हेडमास्तर?" मी म्हटलं.

तिनं मांगं पाह्यलं. काळा ओसरीच्या पायरीवर पडून होता. त्याच्याही डोळ्याच्या भोवताल तसेच गोल. काळ्या रंगात तिले ते आधी दिसलं नव्हतं. तिचं हासू थोडं उतरलं. "घराणंच तसं असन मंग," म्हणे. "आईचं नाक, आईचे डोळे."

गावात सारे म्हणाले, खरूज हाय. करंजीचं तेल तापवून त्यात गंधक घातलं अन् आमी दोघीनं एकाच वाटीतलं तेल दोघाले लावलं. ओसरीवर धरून, ती तोंडाकडून अन् मी शेपटाकडून. काळा ओरडे तं ती म्हणे, "रडू नको रे, तुही मोठी आई हाय ती." तेवढा एक दिवस आमी दोघी लय हासलो.

तेलानं फरक पडला. लालचे केस थोडे थोडे परत आले. मले वाटलं, गेलं दुखणं. नखं मात्र दोघाईचीही वाढतच गेली. वावरातल्या मातीत आवाज येत नव्हता, पण खोपडीच्या दारात एक चपटा दगड टाकेल होता, त्याच्यावर तो चढला का टकटक वाजे. तवा मले कारंज्याची ती कुत्री आठवे.

मंग पावसाळा आला. कापसाची पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली. बैल अन् गाय जंगलात चराले जात अन् अंगभर गोचीड घेऊन येत. आमच्याकडं वावरातलं कुत्रं कोठ्यातच झोपते, बैलाच्या पायाशी. बैलाले जनावराचं भेव राह्यत नाई अन् कुत्र्याले ऊब भेटते. पिढ्यान् पिढ्या तसंच चालत आलं. कुत्र्याले दुसरीकडं झोपवाचं असते, असं कोणाच्या मनातही येत नाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाईचे खांदे हळद-तुपानं शेकले. तंबाखूचं पाणी लावून गोचीड पाडले, नाल्यावर नेऊन घासून घासून धुतले. पण पोळ्याले कोठ्यातला केर बाहेर काढत नाई, आमच्या घरची रीत. बैलाच्या सणाची लक्ष्मी केराबरोबर जाते म्हणतेत. केर अन् जुनं गवत कोपऱ्यात सारून ठेवाचं, मंग चार दिवसानं टाकाचं. तसंच करत आलो होतो, तसंच केलं. पावसाची झड लागून होती अन् कोठ्यात तेवढा एक कोपरा कोरडा होता. लाल त्याच गवतावर जाऊन झोपला. बैलाच्या अंगावरून जे पडलं ते सारं तिथंच होतं.

पोळा होऊन गेला अन् त्यानं भाकर सोडली. कानाले हात लावला तं तापेल तव्यासारखे. मागचे पाय ओढत चाले. मी कानाच्या मांगून, बोटाच्या मधून गोचीड काढे, दुसऱ्या दिवशी तेवढेच परत. मंग एका सकाळी त्याचा घोळणा फुटला. उन्हाळ्यात पोट्ट्याईच्या नाकातून रगत येते ना, तसंच. मले जे ठाव होतं ते मी केलं. कांदा फोडला अन् नाकाले लावला. तो असा शिंकला का माह्या लुगड्यावर, तोंडावर सारे लाल थेंब. मले हासू आलं. मंग नाई आलं. कारण रगत थांबतच नव्हतं, एकाच नाकपुडीतून, बारीक, दिवसभर.

त्याले मांडीवर घेतलं अन् पोटावरून हात फिरवला. डाव्या बरगडीच्या खाली हात थांबला. छपराच्या कवेलूचा तुकडा आत ठेवला असन तसं कडक लागलं.

ते मले समजलं. पानथरी वाढलती. हाताले ते ओळखीचं होतं. माह्या पोट्टीच्या पोटात तस्संच लागे. तिले हिवताप येऊन येऊन पानथरी वाढलती. पोट पुढं, हातपाय काड्या. डाग देणाऱ्याकडं नेलं होतं तिले, तापेल सळईनं पोटावर डाग दिले. आमच्याकडं पानथरीवर तोच इलाज होता.

देर पऱ्हाटी पाहाले आला तवा लाल दगडावर पडून होता. त्यानं मान उचलली, भुंकला नाई. देर तिथंच उकिडवा बसला.

"वयनी, हा तं गेल्यातच जमा हाय."

"जेवला हाय आज थोडा."

त्यानं पोट चाचपून पाह्यलं. "पानथरी हाय. डाग द्या याले. मी आणतो त्या माणसाले."

"नाई देत."

"काऊन?"

"दिलते एकदा."

पोट्टीले डाग देत होते तवा तिचे पाय त्यानंच धरले होते. लय वेळ मातीत काडीनं रेघा ओढत राह्यला. उठताना म्हणाला, "हा गेला तं मंग..."

"ठाव हाय मले," मी म्हटलं. "अजून गेला नाई तो."

दसरा झाल्यावर गावात ढोराचा डॉक्टर आला, जनावराईले सुया टोचाले. साऱ्या गावाची ढोरं गोठाणावर उभी केली. मी बैल नेले, गाय नेली, अन् लालले पोत्याच्या झोळीत खांद्यावर घेतलं. चालवत नव्हतं त्याच्यानं. लोकाईले तमाशाच भेटला.

"अरे, बाईनं बैलाच्या लायनीत कुत्रं आणलं!"

"उद्या कोंबडी आणन. डॉक्टरसाहेब, कोंबडीची सुई हाय काय?"

डॉक्टर जवान पोट्टा होता, बारीक, खाकी पँट चिखलानं भरेल. बोलणं तिकडचं, पुण्याकडचं. बैलाईले टोचून झालं तं मी झोळी त्याच्या पुढं ठेवली.

"बाई, मी गुरांचा डॉक्टर आहे."

"बैलापाशीच झोपते तो. गुरातच धरा."

तो हासला. पण बसला खाली, हे मी विसरत नाई. लालचा ओठ वर केला, हिरड्या पांढऱ्या खडूसारख्या. पोट दाबून पाह्यलं. पाय उचलून नखं पाह्यली. कानात बोट घालून एक फुगेल गोचीड काढला अन् माह्या पुढं धरला, जसा कायी तोच चोर होता. तवड्यात देरानी आपली गाय घेऊन आली, तिच्या मांगं काळा. गुबगुबीत झालता. अंगावर कोंडा, डोळ्याले चष्मा, नखं वाकेल, अन् शेपूट हालवत येऊन लालच्या तोंडाचा वास घेऊ लागला.

डॉक्टर त्याच्याकडं पाह्यत राह्यला. "हा कोणाचा?"

"भाऊ हाय याचा," मी म्हटलं. "एका वेताचे दोघं."

"याला पण तेच आहे. कातडी बघा, नखं बघा. यांच्या आईला होतं का असं?"

"होतं. डोळे तसेच, नखं तशीच."

"मग आईकडूनच आलं असेल. नाव मी नक्की सांगू शकत नाही. रक्त काचेवर घेऊन मोठ्या ठिकाणी पाहावं लागेल, आणि कुत्र्याचं रक्त कोण पाहतंय? पण एक दुखणं या दोघांनाही आहे. हा काळा ते अंगावर घेऊन जगतोय. तुमच्या लालच्या अंगात त्यावर दुसरं शिरलंय, या गोचिडाचा ताप. पोटात जंतही असतील."

"म्हणजे दोन बिमाऱ्या?"

"दोन, कदाचित तीन. पहिल्या दुखण्यानं अंगातली ताकद हळूहळू खाल्ली, म्हणून दुसऱ्याला मोकळं रान मिळालं. एकेकटी आली असती तर झेलली असती त्यानं."

"दवाई?"

त्यानं पेटीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. "माझ्याकडं नाही, बाई. गोचीड काढत राहा, कोरड्या जागी ठेवा. अंडं, दूध जे असेल ते चारा."

देरानीनं काळ्याची मान धरून त्याले आपल्या पायाशी ओढलं. "माह्याले कायची बिमारी? तो तं माह्या हातातली भाकर ओढून खाते," असं मोठ्यानं बोलली, पण हात कायी सोडला नाई त्याच्या मानेवरचा. तिचं ओसरीतलं कुत्रं, राखेवर झोपे, कोठ्यात कधी जाये नाई. तो काळा पुढं लय वर्षं जगला. तसाच कोंडा पाडत, टकटक करत.

वापस येताना बैल पुढं, मी मांगं, पाठीवर झोळी. डॉक्टरचं बोलणं डोक्यात फिरत होतं. अन् नाल्याजवळ आली तवा मी थांबली. हे मले नवीन नव्हतं. माही पोट्टी पानथरी घेऊन खेळे, वेचाले येये, हासे. पोट दुखे तं दुखे. मंग गावात गोवर आला. साऱ्या पोट्ट्याईले आला, अंगावर फुटला अन् गेला. एकाही घरचं पोट्टं गेलं नाई. माहीच गेली. बाया म्हणत, हिच्याच घरावर देवीचा राग काऊन? मीही तेच म्हणे, इतके वर्षं. देवीचा राग नव्हता. आधीच कोणी तिच्या अंगात घर करून बसेल होतं, दार उघडंच होतं.

हे समजून कायी भेटलं नाई. पण समजलं. मंग बैलाले हाकललं अन् नाला ओलांडला.

त्या दिवसापासून लालले मी कोठ्यात जाऊ दिलं नाई. कोठ्यातलं सारं गवत बाहेर काढून जाळलं, भिंतीच्या फटी शेण-मातीनं लिपल्या. खोपडीत चुलीच्या बाजूनं राख पसरली, त्याच्यावर त्याले झोपवलं. रोज उन्हात घेऊन बसे अन् गोचीड काढून घासलेटाच्या डब्बीत टाके. गाईचं दूध मी चहातही घालत नव्हती, त्याले देई. अंडं गावातून आणे, फोडून भाकरीत कुस्करे. तो माह्या तोंडाकडं पाहून खाये. भूक नसे, मी बसली म्हणून खाये.

थोडा सुधरला. गोचीड सरले, कान थंड झाले. एका दिवशी वाटेनं माणूस चालला तं बसल्या जागेवरून एकदा भुंकला. पाह्यलं बरं का तुले. मी हातातलं खुरपं टाकून हासत बसली.

मंग परत घोळणा फुटला. या वेळी दोन्ही नाकपुड्या.

पऱ्हाटीची बोंडं फुटाले लागलती. दुपारची वेळ, मी वावराच्या त्या कडेले वेचत होती. ओटी अर्धी भरेल. तवा आवाज आला. टक. टक. दारातल्या दगडावर. मले वाटलं उठला, भूक लागली असन. ओटी बांधून मी आली. तो उठलाच होता खरं. राखेवरून उठून दगडापर्यंत आला, वाटेकडं तोंड करून बसला, अन् तसाच बसल्या बसल्या गेला. डोळे वाटेकडंच होते.

मी पाणी पेली. मंग कुदळ घेतली.

धुऱ्यावर खड्डा खणला, जिथं तो धावत जाऊन थांबे तिथंच. वरून माती, मातीवर दगड, दगडावर बोराटीच्या काटक्या, तरसानं उकरू नाई म्हणून. संध्याकाळी भाकर थापली तं सवयीनं त्याचा तुकडा मोडला गेला. टाकला दारात.

सकाळी वाटेनं गावातला एक माणूस चालला होता. थांबला. "काय वं बाई, कुत्रं दिसत नाई आज?"

"नाल्यावर गेलं," मी म्हटलं. ते आपोआपच तोंडातून निघालं.

तो गेला. मी उभी राह्यली. अर्धं वावर फुटून पांढरं झालतं. तूर फुलावर होती. आज हे गावात समजलं तं परवा देर बंडी घेऊन येईन, माहं गाठोडं त्याच्यात ठेवीन. तो वाईट माणूस नव्हता, बोललेलं पाळणारा होता. म्हणून तं भेव होतं.

तेव्हापासून वाटेवर पाऊल वाजलं, बंडीचे घुंगरू वाजले, का मी ओरडे, "अय! इकडं ये!" कधी रागानं, "अय, बस म्हटलं ना!" दारात रोज तुकडा टाके. त्याची साखळी खुंटीले होती, ती हालवून वाजवे. रोही आले तं डब्बा घेऊन मीच धुऱ्यापर्यंत धावे, बडवे, ओरडे. रोह्याले काय, त्याले आवाज पाह्यजे. कोणाचा हाय ते तो पाह्यत नाई. आधी दिवसभरात तोंडातून शब्द निघत नव्हता, आता दिवसभर बोले, अन् ऐकाले कोणीच नव्हतं.

मंग एका दिवशी देरानी आली, डोक्यावर पाटी, हातात इळा. "ह्याईनं पाठवलं," म्हणे. "वेचाले मदत कर, अन् पाहून ये म्हणे कसं काय हाय."

ती दारात उभी राह्यली. दगडाकडं पाह्यलं. दगडाजवळ दोन-तीन दिवसाचे तुकडे पडेल होते, मुंग्या लागेल. मी ते उचलले नव्हते, माह्या ध्यानातच आलं नव्हतं. मंग तिची नजर धुऱ्यावर गेली, बोराटीच्या काटक्यावर. तिनं लुगड्याची ओटी बांधली अन् पऱ्हाटीचं एक तास, एक ओळ, धरलं.

दिवसभर आमी वेचत होतो. ती एका तासात, मी बाजूच्या. ती घरच्या गोष्टी सांगत राह्यली, गायीनं कसं लाथाडलं, सासूचे दात कसे पडले, काळ्यानं कशी ताकाची कढई पालथी केली. कुत्र्याचं नाव आलं तं मधातच थांबली, मंग दुसरंच सांगाले लागली.

उन्हं उतरल्यावर झाडाखाली पाणी प्याले बसलो. तिनं तोंड पुसलं अन् धुऱ्याकडं पाह्यत म्हणाली,

"बाई, तुमचं कुत्रं लय वंगाळ हाय."

माह्या हातातला गडवा तसाच राह्यला. "काय केलं त्यानं?"

"सकाळी आली तवा अंगावर धावून आलं ना. लुगडं फाटता फाटता राह्यलं माहं." नजर तिची बोराटीवरच होती. "सांगते मी घरी ह्याईले. तिकडं जाऊ नका म्हणते, चावरं झालं ते."

"चावत नाई तो," मी म्हटलं.

"मले काय ठाव? कुत्र्याचा भरोसा कोणी द्यावा?"

तिनं कापसाची पाटी डोक्यावर घेतली. मी उचलून दिली, तवा तिचा हात माह्या हातावर थोडा जास्त राह्यला असन, नसनही. ती धुऱ्यापर्यंत गेली. काटक्यापाशी वळसा घालून चालली, पाय न लावता. मंग पलीकडून वळून ओरडली,

"अन् बाई, थोडं मोठ्यानं बोलत जाजा त्याच्याशी! वाटेवर आवाज येत नाई!"

ती गेली. वावरात परत कोणी नाई. जंगलाकडून सावली पऱ्हाटीवर येऊन राह्यली होती. वाटेवर कोणाच्यातरी बंडीचे घुंगरू वाजले.

मी उठली, दगडावर उभी राह्यली, अन् जेवढा गळ्यात होता तेवढा आवाज काढून हाक मारली, "अय!"

बंडी थांबली नाई.